स्तन पुन्हा घडवण्याची कुळकथा

पुण्याजवळच्या एका कुंभाराने १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या माणसाला नवं नाक बसवलं, आणि ते जागेवर धरून ठेवायला त्याने कात वापरला. पानाला लावतो तोच कात. पाण्यात भिजवून मऊ केलेला, कापडाच्या पट्ट्यांवर पसरलेला, आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या. चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याला खैराच्या लाकडापासून कात काढायचा धंदा अजून चालतो. त्याच सावर्ड्याला लागून डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. कोकणातल्या वेळणेश्वर गावच्या एखाद्या बाईच्या छातीत गाठ हाताला लागली, तर शृंगारतळी, चिपळूण करत ती बहुधा तिथे पोचते. तिची छाती काढावी लागली, तर ती पुन्हा घडवण्याची जी विद्या आज जगभर आहे, तिच्या कुळात तो कातपट्ट्या लावणारा कुंभार बसलेला आहे. हे कुळ मला नीट सांगायचं आहे, कारण ज्या बायकांना त्याची गरज आहे त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोचतं.

कावसजी हा मराठा शेतकरी, इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि टिपूने त्याचं नाक व एक हात कापला. वर्षभराहून जास्त तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने, म्हणजे आपल्या भाषेत कुंभाराने, त्याला कपाळाच्या कातड्याचं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात या शस्त्रक्रियेचं वर्णन पत्ररूपाने छापून आलं, सोबत कावसजीचं चित्र. ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या चित्रावरून केलेलं होतं, आणि हा वेल्स तेव्हा पेशव्यांच्या पुण्यातच काम करत होता. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचंही त्यात नमूद आहे. हा प्रकार हिंदुस्थानात पूर्वापार चालत आलेला आहे, असंही पत्रलेखक सांगतो. रुग्णाचं नाव छापलं, चित्रकाराचं छापलं, पाहणाऱ्या डॉक्टरांची छापली. ज्याने नाक केलं त्याचं नाव कुणी विचारलंही नसावं.

त्याने काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, आणि त्या रेघेतलं कातडं सोडवलं. पण सगळं नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी त्याने तशीच जोडलेली ठेवली. नाकाच्या जुन्या व्रणाच्या कडा तासून ताज्या केल्या, तिथे चीर दिली, कपाळाचं कातडं अर्धा पीळ देऊन खाली आणलं आणि त्याची कड त्या चिरेत बसवली. टाका नाही. वरून कात. चार दिवस काही हलवायचं नाही, मग तुपात भिजवलेली फडकी. रोग्याला पाच-सहा दिवस उताणं निजवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती आत घालायच्या. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, जोड धरल्यावर, ती डोळ्यांमधली पट्टी कापून टाकायची.

सगळं शास्त्र त्या पट्टीत आहे. नव्या जागेतून रक्त मिळायला लागेपर्यंत कातडं जुन्या जागेच्या रक्तावर जगवायचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायची गरज नाही. हापूसचं भेट कलम बांधताना मातृवृक्षाची फांदी तोडत नाहीत. रोपाशी बांधून ठेवतात, जोड धरला की मगच खालून कापतात. आधी कापली तर काडी वाळते. कुंभाराला रक्ताभिसरणाची पुस्तकं माहीत नव्हती, पण तोडलेलं कातडं मरतं आणि जोडलेलं जगतं हे त्याला पक्कं माहीत होतं. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातड्याने नाक करण्याची रीत आहे, त्यातही कातडं एका बाजूला जोडलेलं ठेवायचं आहे. तिथपासून पुण्याच्या कुंभारापर्यंत ती कशी आली याचा हिशोब कुणाला लावता येत नाही. पण ती हातांतून हातांत आली, दरबारातून नाही, एवढं स्पष्ट दिसतं.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ही माहिती वाचली. वीस वर्षं तो तिच्यावर विचार करत राहिला, प्रेतांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातड्याचं नाक बसवलं. भूल नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच. १८१६ मध्ये त्याने दोन शस्त्रक्रियांचं पुस्तक काढलं आणि युरोपभर ‘हिंदुस्थानी रीत’ पसरली. बर्लिनच्या ग्रेफेने १८१८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ‘प्लास्टिक सर्जरी’ हे नाव रूढ झालं ते त्याच परंपरेतून.

नाक परत आणता येतं हे एकदा सिद्ध झाल्यावर छातीकडे वळायला मात्र पाऊण शतक लागलं. कारण स्तनाच्या कर्करोगावर जगण्याचीच शाश्वती नव्हती. १८९५ मध्ये हायडेलबर्गच्या विन्सेंझ चेर्नी याने एका गायिकेची गाठ काढली आणि ती जागा भरायला तिच्याच कमरेवरची चरबीची गाठ उचलून तिथे बसवली. स्तन पुन्हा घडवण्याचा पहिला लेखी प्रयत्न म्हणून त्याची नोंद आहे. त्याच सुमारास इटलीतल्या इजिनियो तान्सिनीने पाठीचं कातडं वळवून छातीच्या जखमेवर आणायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्या कातड्याचं टोक काळं पडायचं, मरायचं. तान्सिनीने रक्तवाहिन्यांचा माग काढला आणि त्याच्या लक्षात आलं की त्या कातड्याला रक्त त्याखालच्या पाठीच्या रुंद स्नायूतून येतं. १९०६ मध्ये त्याने कातडं स्नायूसकट आणलं, आणि ते जगलं. कुंभाराने डोळ्यांमध्ये सोडलेली पट्टी तान्सिनीच्या हाती काखेखालच्या धमनीच्या रूपात आली होती.

इथे हे कुळ जवळपास खुंटलं. अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेडने स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळं एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया १८९४ मध्ये मांडली. त्या काळात जखमेच्या जागी रोग पुन्हा उगवणं नित्याचं होतं, ते या शस्त्रक्रियेने खूप कमी झालं. या माणसाने हजारो बायकांचे प्राण वाचवले, त्याचं मोल कमी करायचं मला कारण नाही. पण त्याचा आग्रह असा की जागेवर दुसरीकडचं मांस आणू नका, त्याखाली परत उगवलेला रोग लपेल. हा आग्रह शिष्यांनी नियम करून टाकला. बरगड्यांवर ताणलेलं कातडं, खोलगट छाती, सुजलेला हात घेऊन दोन-तीन पिढ्यांच्या बायका जगल्या. तान्सिनीची रीत १९२० नंतर विस्मृतीत गेली. ती पुन्हा वर आली १९७० च्या दशकात, जर्मनीत आणि अमेरिकेत, आणि तिथल्या डॉक्टरांना आपण नवीन काही केल्यासारखं वाटलं.

मधल्या काळात एक धागा टिकला तो युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर हॅरॉल्ड गिलीजने १९१७ मध्ये कातड्याची वळकटी करून तिची दोन्ही टोकं जोडलेली ठेवायची रीत वापरली. मग एक टोक सोडवून पुढे, तिथे ते रुजलं की दुसरं टोक पुढे, असं टप्प्याटप्प्याने कातडं शरीरावर चालवत न्यायचं. पोटाची अशी वळकटी छातीपर्यंत नेऊन त्याने स्तनही घडवले. पण त्याला महिनोन्‌महिने आणि अनेक शस्त्रक्रिया लागत.

गिलीजच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंटिया हिंदुस्थानात परतले आणि पुण्यात आले. कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी बसलेली नाकं आणि वाकडी बोटं दुरुस्त करायला घेतली. पुण्याहून गेलेली विद्या दीडशेहून जास्त वर्षांनी पुण्याला परत आली, आणि आली तीही ज्यांना कुणी हात लावत नव्हतं अशा माणसांकडे. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. नागपुरात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये या शास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तो देशातला पहिला. अंटियांची आणखी एक गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. १९७० च्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यात मांडव्याला गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. इतका मोठा शल्यविशारद या निष्कर्षाला आला होता की बरंचसं वैद्यक डॉक्टरांवाचून, साध्या बायकांच्या हातून होऊ शकतं.

आता स्तनाकडे. आज जे पर्याय आहेत त्यांचे दोन मोठे वंश आहेत, स्वतःच्या शरीरातलं मांस आणि बाहेरची वस्तू.

पहिल्या वंशात तान्सिनीचा पाठीचा स्नायू अजून कामाला येतो. तो काखेतून पुढे फिरवतात, धमनी न तोडता. भरवशाचं काम आहे. पण हा स्नायू हात खाली आणि मागे ओढायचा आहे. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या, होडी ओढायला हातभार लावणाऱ्या, गवताचा भारा डोक्यावर चढवणाऱ्या बाईने तो देण्याआधी विचार करायला हवा. १९८२ मध्ये अटलांटाच्या कार्ल हार्टरॅम्फने पोटाची रीत प्रसिद्ध केली. नाभीखालचं कातडं आणि चरबी, पोटाच्या उभ्या स्नायूसकट, आतल्या आत वर छातीवर न्यायची. स्तन पुष्कळ नैसर्गिक होतो, मऊ, उबदार, बाईचं वजन वाढलं की तोही वाढतो. पण पोटाची भिंत कमजोर होते, हर्निया होऊ शकतो. म्हणून पुढची पायरी निघाली. जपानच्या कोशिमाने १९८९ मध्ये दाखवलं की स्नायू घ्यायची गरजच नाही. स्नायूतून वर येणारी बारीक धमनी तेवढी सोडवून घेता येते. अमेरिकेच्या रॉबर्ट ॲलनने १९९२ मध्ये ती स्तनासाठी वापरली.

या शेवटच्या रीतीत पट्टी ठेवत नाहीत. कातडं-चरबी पूर्ण तोडून छातीवर आणतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या धमन्या व शिरा सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना शिवतात. धागा डोक्याच्या केसाहून बारीक. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस नर्स थोड्या थोड्या वेळाने येऊन त्या मांसाला हात लावून बघते, गरम आहे ना, रंग गुलाबी आहे ना, दाबल्यावर रक्त परत भरतंय ना. निळं पडलं तर शीर तुंबली, फिकट पडलं तर धमनी बंद, आणि लगेच पुन्हा शस्त्रक्रियागृहात. इथे एक गोष्ट महाराष्ट्रातल्या बायकांनी लक्षात घ्यायलाच हवी. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं कातडं मरतं हे सगळे डॉक्टर सांगतात, पण आपल्याकडे बायका बहुधा ओढत नाहीत, मिश्री लावतात, आणि ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं तर नाही म्हणतात. मिश्री ही तंबाखूच आहे. शस्त्रक्रिया ठरली की ती आपण होऊन सांगावी आणि डॉक्टर म्हणतील तितके आठवडे आधी बंद करावी. मधुमेह आटोक्यात आणणंही तितकंच निकडीचं.

दुसरा वंश बाहेरच्या वस्तूचा, आणि त्याचा इतिहास बऱ्यापैकी दुःखाचा. व्हिएन्नाच्या गेर्सूनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅराफिन टोचून पाहिलं. गाठी झाल्या, जखमा चिघळल्या. नंतर लोकांनी पातळ सिलिकॉन टोचलं, त्याचेही तेच हाल. १९६२ मध्ये ह्यूस्टनच्या थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनच्या पिशवीत सिलिकॉनचाच गर भरून पहिलं इम्प्लांट टिमी जीन लिंडसे या बाईंच्या छातीत बसवलं. गेरोला ही कल्पना रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबताना सुचली असं सांगतात. लिंडसेबाई आल्या होत्या अंगावरचं गोंदण काढायला. त्यांना स्तन मोठे करून नको होते, कान सरळ करून हवे होते; दोन्ही झालं. सौंदर्यासाठी स्तन वाढवण्याचा आजचा धंदा या पिशवीपासून सुरू झाला, आणि १९७१ पासून कर्करोगानंतरही ती वापरात आली. १९८२ मध्ये रादोव्हान या शल्यविशारदाने आधी फुगा ठेवून, त्यात दर काही दिवसांनी थोडं थोडं सलाइन भरत कातडं ताणायची आणि मग इम्प्लांट बसवायची रीत दिली. ही रीत सोपी दिसते, पण प्रत्येक भरणीला रुग्णालयात जावं लागतं. ज्या बाईला एका फेरीसाठी पहाटेची एस.टी. धरायची आहे आणि दिवसाची मजुरी बुडवायची आहे, तिच्यासाठी हा हिशोब डॉक्टरने तिच्याशी बोलून करायला हवा.

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःची एक भिंत बांधतं. ती कधी आक्रसते, स्तन कडक आणि दुखरा होतो. शेक घेतलेल्या छातीत, म्हणजे रेडिएशननंतर, हे जास्त होतं. म्हणून शेक घ्यायचा असेल तर स्वतःचं मांस पुष्कळदा बरं पडतं. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, बदलावं लागू शकतं. अमेरिकेने १९९२ मध्ये सिलिकॉन इम्प्लांटवर बंधन घातलं आणि २००६ मध्ये ते उठवलं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली, कारण त्यांच्याशी एका दुर्मीळ लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा संबंध आढळला होता. यावरून इम्प्लांट वाईट असा निष्कर्ष मी काढत नाही. लाखो बायकांना त्यांनी बरं आयुष्य दिलं आहे. पण बसवलेल्या इम्प्लांटचा प्रकार, कंपनी आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं आणि घरच्या कागदपत्रांत ठेवावं. ते मागणं हा आपला हक्क आहे.

सौंदर्यशस्त्रक्रिया म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. मला ते पटत नाही. फार जड स्तनांच्या बाईच्या खांद्यांवर अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी कायमचे खड्डे पडतात, मान आणि पाठ दुखते, कोकणातल्या दमट उन्हाळ्यात स्तनांखालचं कातडं सोलून निघतं. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेने हा त्रास बराच कमी होतो. त्यात स्तनाग्र मांसाच्या एका पट्ट्यावर जोडलेलं ठेवून वर नेतात, म्हणजे पुन्हा कुंभाराची पट्टी. नंतर अंगावर पाजणं कठीण होऊ शकतं, तेवढं लेकुरवाळ्या होऊ पाहणाऱ्या मुलींनी आधी विचारून घ्यावं. मुलग्यांच्या छातीला येणारा उभारही शस्त्रक्रियेने काढता येतो, आणि सातव्या शतकात एजिनाच्या पॉलने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. या शास्त्रातली ही फार जुनी नोंद पुरुषांसाठीची आहे. शर्ट काढायला लाजून समुद्रात न उतरणारा मुलगा वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरही सापडेल.

दरम्यान सगळा स्तन काढूनच टाकायचा हा हॉल्स्टेडचा नियमही मोडला. मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसीने १९८१ मध्ये आणि अमेरिकेच्या बर्नार्ड फिशरने १९८५ मध्ये दाखवून दिलं की लवकर सापडलेल्या रोगात फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून शेक दिला, तरी बाई तितकीच जगते. त्यातून ऑन्कोप्लास्टी निघाली, कर्करोग काढायचा आणि त्याच बैठकीत उरलेला स्तन आकारात आणायचा. पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांनी प्रशांती कॅन्सर केअर मिशनमार्फत हे काम उभं केलं आणि इतर शल्यविशारदांना शिकवलं. कुंभाराच्या गावाने ही विद्या दुसऱ्यांदा जवळ केली.

आणि वेळणेश्वर? तिथल्या माझ्या माहितीतल्या एका बाईंची डावी छाती काढलेली आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी, एका मोठ्या शहरात. त्यांनी मला आपला ब्लाउज दाखवला. आतून सुती कापडाचा खिसा शिवलेला, त्यात पिशवी. आधी त्या पिशवीत कापूस भरत. पण कापसाला वजन नाही. सुपाऱ्या वेचायला वाकलं की पिशवी गळ्याशी येई, आणि चालताना खांदा एका बाजूला ओढला जाई. मग त्यांनी नाचणी भरली. नाचणी बारीक, अंगाबरोबर हलते, वजन बरोबर येतं. पावसाळ्यात घामाने ती कुबट होते, तेव्हा काढून कोंबड्यांना घालतात आणि नवी भरतात. हे त्यांनी कुणाला विचारून केलं नव्हतं. एका बाजूचं वजन गेलं की खांदा आणि पाठ वाकते म्हणून कृत्रिम स्तनाला वजन हवं, ही गोष्ट तज्ज्ञ सांगतात तीच. मी त्यांना विचारलं, स्तन पुन्हा करता येतो हे तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, “नाय हो. असं काय असतं ह्याच मला ठावूक नव्हतं. जीव वाचला म्हणाले, घरी आले.”

त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलीच असती असं नाही. कदाचित नसती घेतली. तोही एक पर्याय आहे, आणि पूर्ण सन्मानाचा. सपाट छातीने जगणाऱ्या बाईत काही कमी नाही. कुणी नाचणीची पिशवी घेईल, कुणी सिलिकॉनची बाहेरून लावायची वस्तू, कुणी स्वयंसेवी महिला क्रोशाने विणून देतात ती हलकी सुती. माझं दुखणं एवढंच आहे की त्यांना निवडायला काही दिलं गेलं नाही. ‘आता या वयात कुणाला दाखवायचंय’ हे वाक्य बाईने स्वतः म्हणणं वेगळं आणि घरच्यांनी, डॉक्टरांनी तिच्या वतीने म्हणणं वेगळं. अमेरिकेत १९९८ पासून कायदा आहे, की जो विमा स्तन काढण्याचा खर्च देतो त्याने पुन्हा घडवण्याचाही द्यायचा, दुसरा स्तन जुळता करण्याचाही आणि बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचाही. आपल्याकडे निदान माहिती देणं तरी सक्तीचं असावं.

भारतात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा आणि ९८ हजारांहून अधिक दगावल्याचा जागतिक अंदाज आहे. इतक्या जणी दगावतात याचं मोठं कारण उशीर. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं एक अभ्यास केला, १,५१,५३८ बायकांचा. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. यंत्र नाही, फक्त बोटं. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याच टाटा रुग्णालयाने डेरवणच्या साथीने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत तपासणी शिबिरं घेतली आहेत. गाठ लवकर सापडली तर बहुतेकदा स्तन काढावाच लागत नाही, आणि मग वर सांगितलेल्यातलं बरंचसं टळतं.

म्हणून वेळणेश्वर, हेदवी, पालशेत, कुठल्याही गावातल्या बाईला माझं सांगणं आहे. शिबिर आलं की जा, आणि जाऊबाईला, शेजारणीलाही घेऊन जा. गाठ निघालीच तर शस्त्रक्रियेच्या तारखेआधी डॉक्टरांना विचारा: स्तन वाचवता येईल का? काढावा लागला तर पुन्हा घडवता येईल का, त्याच वेळी की नंतर? माझ्या कामाला पाठीचा स्नायू लागतो, पोटाचा लागतो, मग माझ्यासाठी कुठली रीत? शेक लागणार आहे का? इथे होत नसेल तर कुठे होतं? पुनर्रचनेमुळे रोग परत येण्याची शक्यता वाढते असं अभ्यासांत आढळलेलं नाही, त्यामुळे त्या भीतीपोटी कुणी गप्प बसवलं तर बसू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. आणि ज्यांची छाती आधीच काढलेली आहे, दहा-पंधरा वर्षांपूर्वी का असेना, त्यांनीही विचारा. स्तनाची पुनर्रचना इतक्या वर्षांनंतरही करता येते.